सातशे नव्वद किलोंची गाडी

नीमी, ९ ऑक्टोबर २०२२

चि. वाकुई शिनपेई यास आशीर्वाद.

इकडे भातकापणी उरकली. बांबूच्या आडव्या दांड्यांवर पेंढ्या वाळताहेत आणि दुपारचं ऊन कललं की सगळ्या उताराला भाजलेल्या तांदळाच्या चहासारखा वास येतो. पत्राची सुरुवात ऋतूने करावी हे सहावीत मीच तुमच्याकडून घोटवून घेतलं, तेव्हा मला ते चुकवून चालायचं नाही. ऋतू झाला. आता भांडण.

तुझं नववर्षाचं कार्ड दर वर्षी येतं. नावाखाली बारीक अक्षरात छापलेलं असतं, 'आसागिरी मोटर, वेगवान गाड्यांचा नियोजन कक्ष'. म्हणजे गुन्हेगार माझ्या ओळखीचा आहे. परवा तुमच्या शोरूममधून नव्या गाड्यांचं माहितीपुस्तक आणलं. वाचायला बसलो आणि हात आपोआप लाल पेनाकडे गेला. अकरा गाड्या! अकरांच्याही नाकावर ती लाल पट्टी, म्हणजे म्हणे ही वेगवान जात. त्यातली एक चक्क सामान वाहायची व्हॅन आहे. तिच्यातून मासे नेतात, शिनपेई. मासळी वेळेत पोचावी हे मलाही मान्य आहे, पण त्यासाठी पट्टी कशाला?

सगळ्यांत हलकी गाडी तेराशे ऐंशी किलोंची. माझी शिगुरे सातशे नव्वद. १९७२ साली तुमच्याच कारखान्यातून निघाली. नाव बघ, शिगुरे! उतरत्या शरदात येते न येते तोच निघून जाते ती सर. त्या काळी गाड्यांची बारशी करणारी माणसं कविता वाचत असली पाहिजेत. आज तुमच्या गाड्यांची नावं औषधांच्या गोळ्यांसारखी वाटतात.

निबंधात जसं विशेषण, तसं गाडीत वजन. मी सांगायचो आठवतंय? काढून बघा, वाक्य तरीही उभं राहिलं तर ते मुळात नकोच होतं. तुमच्या अकराही गाड्या नुसत्या विशेषणांवर चालतात.

तेव्हा सूचना अशी. अकराच्या अकरा पट्ट्या काढा आणि त्या जागी फक्त तीन गाड्या करा. कोणत्या, ते तू विचारलंस तर सांगेन. न विचारलंस तरी सांगेन.

तुझा
सुगिमोरी तात्सुओ

*

काकेगावा, २४ ऑक्टोबर २०२२

आदरणीय गुरुजींना सप्रेम नमस्कार.

इथे सकाळी चहाच्या मळ्यांवर धुकं असतं आणि नऊ-साडेनऊला ते वरून खाली विरत जातं. माझं टेबल मोठ्या खिडकीला लागून आहे, त्यामुळे ते सगळं विरेपर्यंत पाहता येतं.

आपलं पत्र आलं तेव्हा अक्षर पाहून मी आधी उठून उभा राहिलो, मग पाकीट फोडलं. पत्र कक्षात मोठ्याने वाचलं. माशांच्या वाक्याला हसू आवरेना. पट्ट्यांबद्दल आपण म्हणता ते आमच्यातल्या कित्येकांच्या मनात आहे, पण असं कुणी म्हटलं नव्हतं.

शिगुरे अजून चालते हे वाचून खरंच नवल वाटलं. जो कविता न अडखळता म्हणेल त्याला खिंडीपर्यंत फेरी, असा आपला नेम होता. मी तिसऱ्या ओळीला अडखळलो होतो. तरी आपण म्हणालात, 'बस. तू अडखळलास ती जागा बरोबर होती.' घाटातल्या दुसऱ्या वळणावर मागचं चाक किंचित घसरलं आणि आपण नुसत्या बोटांनी सावरलंत. मी गाड्यांच्या कारखान्यात आलो तो त्या वळणामुळे.

आपली सूचना पुढच्या बैठकीच्या विषयांत घेतली आहे. तीन गाड्या कोणत्या? अवश्य कळवा. सविस्तर लिहिलंत तरी चालेल. माझ्याकडे वेळ आहे.

आपला विद्यार्थी
वाकुई शिनपेई

*

नीमी, ६ नोव्हेंबर २०२२

चि. शिनपेई यास आशीर्वाद.

पर्सिमनच्या झाडाला पानं उरली नाहीत, नुसती फळं लटकताहेत. कुणीतरी दिवे लावून घर सोडून गेल्यासारखं दिसतं.

बैठकीचे विषय! मित्सुएला तुझं पत्र दाखवलं. तू तिला पाहिलंस तेव्हा ती दप्तरापेक्षा लहान होती. आता सत्तेचाळीसची आहे आणि माझी आई झाली आहे. म्हणते कशी, 'बाबा, कंपनी सुधारण्याआधी आपल्या दारातला खांब सरळ करा. दोनदा धडकलात त्याला.' एकदाच धडकलो. दुसऱ्या वेळी खांबच जरा पुढे होता.

तर ऐक. पहिली गाडी दोघांची. आठशे किलोंच्या आत. गिअर हाताने बदलायचे, स्टिअरिंग बारीक कड्याचं, टायर अरुंद. टायर रुंद केले की गाडी रस्त्याला चिकटते आणि मग रस्ता काय म्हणतो ते कळतच नाही. आत टीव्हीसारखा पडदाबिडदा काही नको. इंजिन असो नाही तर बॅटरी, त्याबद्दल मी भांडत नाही, काळ बदलला; पण बॅटरीवर चालवणार असाल तर लहान बसवा आणि लोकांना सांगा, 'ही दूर जायची नाही, खिंडीपर्यंत जायची आहे.' दूर जायला आगगाडी आहे.

दुसरी घरातली. चार दारं. आजीला दवाखान्यात सोडून परत येताना बापाला चार वळणं स्वतःची मिळाली पाहिजेत. बाहेरून कुणाला काही कळता कामा नये.

तिसरी लांब नाकाची, एका ओळीत सहा सिलिंडर. तिची गरज कुणालाच नाही. म्हणूनच ती हवी. सहावीच्या पुस्तकात कविता का असतात, असं एका पालकाने विचारलं होतं, त्याला मी हेच उत्तर दिलं होतं.

आता माझ्या मनातलं. ३ मार्चला मला ऐंशी पूर्ण होतील. त्या दिवशी लायसन्स पोलीस ठाण्यात परत करायचं, असा मित्सुएशी करार झालाय. नवी गाडी मला चालवायची नाही, शिनपेई. शिगुरे वळते तसं वळणारं काहीतरी माझ्यामागे रस्त्यावर असावं, एवढंच मागणं आहे. शिकवलेल्या कविता मुलं विसरतात, ते मी सोसलं. हे विसरलेलं मला सोसणार नाही.

सुगिमोरी

*

काकेगावा, २८ नोव्हेंबर २०२२

आदरणीय गुरुजींना नमस्कार.

खिडकीसमोरचं जिंकोचं झाड पिवळं झालं आणि एकाच दिवसात सगळी पानं झडली. मी सकाळपासून मोजत होतो. दुपारी मोजणं सोडलं.

बैठक झाली. सविस्तर लिहितो. संचालक हिराइझुमी यांनी प्रस्ताव दोनदा वाचला. पहिल्यांदा चष्मा लावून, दुसऱ्यांदा चष्मा काढून. म्हणाले, 'हे गृहस्थ आहेत कोण?' मी सांगितलं, माझे गुरुजी. ते म्हणाले, 'तरीच.' मग वजनविभागाच्या मासुदा बाईंनी हिशेब मांडला. आज धडकेचे नियम वेगळे आहेत. चालत्या माणसाला लागू नये म्हणून नाक उंच ठेवावं लागतं, दारात पोलादी दांडा घालावा लागतो. बाई म्हणाल्या, 'आठशेच्या आत अशक्य. आठशे नव्वद जमेल, पण त्यासाठी प्रत्येकाला आपल्या विभागातलं काहीतरी सोडावं लागेल.' तेव्हा गाडीतल्या गाण्यांची व्यवस्था पाहणारा म्हणाला, 'माझे आठ कर्णे आहेत, दोनांवर येतो.' आसनवाले म्हणाले, 'आमची मोटर काढा, लोक हाताने सरकवतील.' गुरुजी, एकेक जण असं देत गेला.

मी तिन्ही गाड्यांचे आराखडे काढले आहेत. पहिलीचे बारा कागद झाले. सोबत बाजूने काढलेलं एक चित्र पाठवतो. आरसे आपल्या शिगुरेसारखे पुढच्या मडगार्डांवर ठेवलेत. नियमात बसतात की नाही ते अजून बघायचंय.

तब्येत सांभाळावी.

वाकुई शिनपेई

*

नीमी, १५ जानेवारी २०२३

चि. शिनपेई यास नववर्षाचे आशीर्वाद.

तुझं चित्र मी कॅलेंडरच्या जागी लावलंय. आसनवाल्यांना माझा नमस्कार सांग. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि या वयात आनंदाने झोप उडणं दुर्मीळ आहे.

पण एक गाठ पडलीय, ती तू सोडव. कुरेच्या गोदीत जोडकाम करणारा ओबाता नावाचा तिशीतला माणूस आला होता, बायको आणि सात महिन्यांची मुलगी घेऊन. शिगुरे शोधत तो चार वर्षं फिरतोय. दारात येऊन त्याने आधी गाडीला वाकून नमस्कार केला, मग मला. मित्सुए आत जाऊन हसली. मी त्याला किल्ली दिली. पहिल्याच गिअरला त्याने क्लच असा सोडला, जसं झोपलेल्या मुलाच्या डोक्याखालून हात काढावा. खिंडीपर्यंत जाऊन आलो. उतरल्यावर बायको म्हणाली, 'कशी आहे?' तर म्हणे, 'नंतर सांगतो.' डोळे पुसत होता.

म्हणाला, 'आजोबा, मी हिला उभी करून ठेवणार नाही. दर रविवारी चालवीन. पाऊस असला तरी.' मित्सुए म्हणते, याच्याहून चांगला माणूस मिळायचा नाही, देऊन टाका.

पण मला वाटतं, तुमच्या लोकांना मोजमापाला खरी गाडी लागेल. कागदावरून वळण कसं कळणार? मागच्या चाकाचा तो झोका कुठून येतो, हे तिच्याखाली शिरल्याशिवाय मासुदा बाईंना समजायचं नाही. ओबाताकडे गेली तर एकच शिगुरे उरेल. तुमच्याकडे आली तर तिच्यापासून हजारो होतील.

स्पष्ट लिही. कंपनीला हवी असेल तर ओबाताला नाही म्हणतो. नको असेल तर तुझं उत्तर आल्यावरच्या रविवारी त्याला बोलावतो. तू म्हणशील तसं.

सुगिमोरी

*

काकेगावा, २२ जानेवारी २०२३

आदरणीय गुरुजींना नमस्कार.

पत्र दोनदा लिहून फाडलं, हे तिसरं.

ओबाता यांच्याबद्दल वाचलं. माणूस चांगला वाटतो. मात्र गाडी देण्याची घाई नको. मोजमापासाठी खऱ्या गाडीची गरज पडणार, हे आपलं म्हणणं रास्त आहे, आणि ते इथे सगळ्यांना पटलं आहे. पण कामाला वेळ लागेल. वर्ष जाईल, कदाचित दोन. तोवर शिगुरे आपल्या दारातच असू द्यावी.

आपल्या समाधानासाठी संदर्भ वाहन स्वीकारण्याचा अर्ज सोबत ठेवला आहे. जपून ठेवावा. इतक्यात भरायची गरज नाही. स्वीकारणाऱ्याच्या चौकटीत सहीऐवजी माझ्या नावाचा शिक्का मारून ठेवला आहे. तो नसला की कागद अपुरा दिसतो.

आपला
वाकुई शिनपेई

*

नीमी, ५ मार्च २०२३

चि. शिनपेई यास आशीर्वाद.

प्लमला फुलं आली आहेत आणि माझ्या अंगणात एक चौकोन कोरडा आहे. बाकी सगळीकडे काल पाऊस पडला, तिथे नाही. कारण गाडी आज सकाळी गेली.

परवा लायसन्स परत केलं. बदल्यात 'या व्यक्तीने आयुष्यभर वाहन चालवलं' असं एक कार्ड देतात. ते दाखवलं की बसचं भाडं कमी होतं. खिडकीवरचा पोलीस म्हणाला, 'इतकी वर्षं खूप कष्ट घेतलेत, आजोबा.' शिकवणं सोडलं त्या दिवशीही हेच वाक्य ऐकलं होतं. दोन्ही वेळा वाटलं, कष्ट कसले रे?

तू म्हणालास थांबा. पण ऐंशीच्या माणसाला वर्ष-दोन वर्षं काय सांगतोस? आणि न चालणारी गाडी दारात उभी ठेवणं म्हणजे घोड्याला भिंतीकडे तोंड करून बांधणं. तुझा अर्ज भरला. तुझ्या शिक्क्याशेजारी माझा मारला. दोन्ही शिक्के असे शेजारी शेजारी पाहून बरं वाटलं. मित्सुएने नंबरपाट्या जमा केल्या. ट्रकवाल्याला पत्ता दिला: संशोधन विभाग, गेट क्रमांक चार, नियोजन कक्ष, वाकुई शिनपेई.

ओबाताला फोन करून नाही म्हटलं. तो म्हणाला, 'कंपनीलाच हवीय म्हटल्यावर मी कोण?' मग म्हणाला, 'नवी निघाली की पहिली मी घेईन.' हे संचालकांना सांग. एक गिऱ्हाईक पक्कं आहे.

गाडीबद्दल: थंडीत चोक अर्धाच ओढावा. दुसऱ्या गिअरला जरा धीर धरावा लागतो. डावं दार लावताना उचलून लावावं. मासुदा बाईंना सांग, आधी चालवा, मग मोजा. उलट करू नका.

सुगिमोरी

*

(पोस्टकार्ड)

नीमी, ३० एप्रिल २०२३

शिनपेई, चेरी येऊन गेली. तुझं पत्र नाही. गाडी पोचल्याचं ट्रकवाल्याने कळवलं होतं, ९ मार्च. तू कामात असशील. फक्त एवढं कळव, कुणी चालवली का? सुगिमोरी.

*

किताकामी, १४ मे २०२३

गुरुजी,

आपलं मार्चचं पत्र आणि पोस्टकार्ड दोन्ही मला परवा, १२ तारखेला एकत्र मिळाली. १ मार्चपासून मी इथे उत्तरेला, सुट्या भागांच्या कोठारात आहे. काकेगावाच्या कार्यालयातून टपाल आठवणीने पुढे पाठवावं असं माझं तिथे कुणी नाही.

आता खरं लिहितो.

वेगवान गाड्यांचा कक्ष दोन वर्षांपूर्वी, एप्रिल २०२१मध्ये बंद झाला. चौदा जणांपैकी तेरा इतर विभागांत गेले किंवा सोडून गेले. मला पाचव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर खिडकीजवळ टेबल दिलं. तिथे मला काम नव्हतं. फोनही नव्हता. सकाळी नऊला यायचं, साडेपाचला उठायचं. आपल्याकडे माणसाला काढत नाहीत, खिडकीशी बसवतात. तो आपणहून उठेल याची वाट पाहतात. मी उठलो नाही. बायकोलाही सांगितलं नाही. डबा घेऊन जात होतो. नववर्षाची कार्डं जुन्या गठ्ठ्यातली होती.

आपलं पहिलं पत्र आलं तेव्हा अठरा महिन्यांत माझ्या नावाने आलेला तो पहिला कागद होता. मोठ्याने वाचला हे खरं आहे. ऐकायला कुणी नव्हतं.

बैठक झाली नाही. मासुदा बाई नाहीत. हिराइझुमी हे माझ्या सासुरवाडीच्या न्हाव्याचं नाव आहे. आठ कर्ण्यांचे दोन कुणी केले नाहीत. आराखडे मात्र खरे आहेत. सगळे आकडे तपासलेले आहेत. आठशे नव्वद खरोखर जमतं. चार महिने मी सकाळी धावत कामावर जात होतो, गुरुजी.

ओबातांबद्दल विचारलंत तेव्हा सांगायला हवं होतं. फाडलेल्या पहिल्या पत्रात 'त्यांना द्या' असं लिहिलं होतं. पण तसं लिहिलं की बैठका संपणार होत्या. आपण अर्ज भराल असं वाटलं नाही. जुना कोरा अर्ज ड्रॉवरमध्ये होता. शिक्का मारायची सवय होती.

तो अर्ज खरा होता. कक्ष बंद झाला, अर्ज रद्द करायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. ९ मार्चला गेट चारवर गाडी आली, कागदावर दोन शिक्के होते, दोन्ही बरोबर. दोन शिक्के असले की आमच्याकडे कुणी काही विचारत नाही. त्या गेटने आत आलेली गाडी संदर्भासाठी असते. ती उघडतात, आणि नंतर दाबून चिरडतात. आत आलेली कुठलीही गाडी पुन्हा रस्त्यावर जाता कामा नये, असा नियम आहे. चोरून नमुने बाहेर जाऊ नयेत म्हणून केलेला. १७ मार्चला गाड्या सुट्या करणाऱ्या विभागातल्या दोघांनी तिला उघडलं. २० मार्चला ती चिरडली.

पत्र मिळालं त्याच संध्याकाळी मी फोन केला. त्यातला एकजण भला आहे. म्हणाला, 'वाकुईसान, छान गाडी होती हो. आम्हाला वाटलं वरून काही कारण असेल.' नोंदवहीत एकच ओळ आहे: संदर्भ वाहन, एक. उद्देशाचा रकाना रिकामा आहे. मोजमाप घेतलं नाही, कारण कोणतं घ्यायचं ते कुणी सांगितलं नव्हतं. चालवली नाही. किल्ली डब्यात आहे.

नियमाप्रमाणे आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो आहेत. पाठवू का, ते कळवावं.

क्षमा मागण्याच्या लायकीचा नाही, म्हणून मागत नाही.

वाकुई शिनपेई

*

नीमी, २ जून २०२३

शिनपेई,

फोटो पाठवू नकोस.

पत्र मी मित्सुएला दाखवलं नाही. तिने विचारलं, 'काय म्हणतोय तुमचा विद्यार्थी?' मी म्हटलं, काम चालू आहे. ती म्हणाली, 'बघा, उगाच काळजी करत होतात.' गेल्या रविवारी ओबाताचा फोन आला. 'आजोबा, बरी आहे ना ती?' मी म्हटलं, हो. 'कोण चालवतंय?' म्हटलं, एक बाई आहेत, मासुदा नावाच्या, हात हलका आहे त्यांचा. तो म्हणाला, 'मग ठीक.' त्याची मुलगी मागे काहीतरी बडबडत होती. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, मला हे किती सहज जमलं. तुला नावं ठेवायची सोय उरली नाही.

मी चाळीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या. चुकलेल्या उत्तरावर फुली मारताना वाईट वाटायचं, पण कोरा कागद हातात आला की त्याहून वाईट वाटायचं, कारण त्यावर काहीच मारता येत नाही. माझा प्रस्ताव कुणी नाकारलेलासुद्धा नाही. नाकारायलाही आधी कुणीतरी वाचावा लागतो.

तेव्हा शेवटचं काम कर. एक बैठक लिही. तीत माझा प्रस्ताव ठेव आणि नाकार. रीतसर, कारणं देऊन. तू लिहितोस चांगलं, ते मीच शिकवलं, दुर्दैवाने. यावेळी खोटी माणसं घालू नकोस.

त्यानंतर लिहू नकोस.

सुगिमोरी तात्सुओ

*

किताकामी, ११ जून २०२३

बैठकीचं टिपण

स्थळ: सुट्या भागांचं कोठार, रांग अठरा, जेवणाची सुट्टी. बैठक तीन दिवस चालली.

उपस्थित: वाकुई शिनपेई. अनुपस्थित: कुणी नाही.

विषय: नीमीचे श्री. सुगिमोरी तात्सुओ यांचा, वेगवान गाड्यांच्या अकरा पट्ट्या रद्द करून तीन गाड्या बनवण्याबाबतचा प्रस्ताव.

प्रस्ताव संपूर्ण वाचण्यात आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचण्यात आला. पट्ट्यांबाबतचं म्हणणं बरोबर असल्याचं मान्य करण्यात आलं. वजनाबाबतचं म्हणणं बरोबर आहे. अरुंद टायरबाबतचं बरोबर आहे. रुंद टायर दुकानात उभ्या गाडीला चांगले दिसतात, एवढंच त्यांचं काम आहे. तिसऱ्या गाडीबाबत, तिची गरज कुणालाच नसल्याचं प्रस्तावकाने स्वतःच म्हटलं आहे आणि त्यावर उत्तर सापडलं नाही. प्रस्तावात चूक शोधण्याचा प्रयत्न करण्यात आला. दुसऱ्या गाडीचं मागचं आसन उंच माणसाला अपुरं पडेल, एवढी एकच निघाली. ती दुरुस्त होण्यासारखी आहे.

नाकारण्याची कारणं पुढीलप्रमाणे. अशी गाडी करायला ती हवीशी वाटणारी माणसं एका खोलीत असावी लागतात; ती खोली आता कागदपत्रं ठेवायला वापरतात. पहिल्या गाडीचे बारा आणि इतर दोन गाड्यांचे एकोणीस असे एकतीस कागद कामाच्या वेळात, कुणी न सांगता काढलेले असल्याने ते कंपनीचे मानता येत नाहीत, आणि कंपनीच्या कागदावर काढलेले असल्याने बाहेरही देता येत नाहीत. गाडी कशी वळावी याचा एकच चालता नमुना उपलब्ध होता, तो आता नाही. चालवून पाहिल्याशिवाय मोजू नये, अशी प्रस्तावकाची अट आहे. ती यापुढे कुणालाच पाळता येणार नाही. नमुना नष्ट होण्याची जबाबदारी या बैठकीला उपस्थित असलेल्या सर्वांची आहे.

कुणी विरोधात बोललं नाही. बाजूने बोलणाऱ्याचा आवाज शेवटी बसला होता.

प्रस्ताव नामंजूर.

टिपणावर शिक्का मारलेला नाही. निर्णय प्रस्तावकास लेखी कळवावा असं ठरलं. कळवला आहे.